गीताताईची झांबेझी

माझी थोरली बहीण गीता आफ्रिकेत झांबेझी नदीवर नाव वल्हवते. पर्यटकांना नावेत बसवून हत्ती, पाणघोडे, मगरी दाखवायच्या आणि सगळ्यांना धडधाकट परत आणायचं, हे तिचं काम. मलकपेठेतल्या आमच्या गल्लीत हे कोणाला लगेच पटत नाही. मी मात्र विचारणाऱ्याला थांबवून घेतो आणि सगळं सांगतो.

आमचे वडील, देवराव, सिकंदराबादला रेल्वेत फिटर होते. कॉलेजात असताना ताई एनसीसीच्या नौदल तुकडीत गेली आणि हुसेनसागरवर वल्हं मारायला शिकली. घरी यायची ती तळ्याचा वास घेऊनच. आमची आई, केसरबाई, तिला उंबऱ्यावरच अडवायची, "आधी न्हाणीत जा, मग बोल."

बी.कॉम. झाल्यावर झांबियातल्या एका सफारी कंपनीत तिला हिशेबाची नोकरी लागली. वडील नुकतेच वारले होते. घराला आधार होईल म्हणून आईने जाऊ दिलं. एकदा कंपनीने ऑफिसच्या लोकांना नदीवर नेलं. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला, "नागसेन, मला आता टेबलाशी बसवत नाही रे."

मुसोंडा नावाच्या जुन्या वाटाड्याच्या हाताखाली ती शिकू लागली. पाणघोडा घाबरला की खोल पाण्याकडे पळतो, म्हणून खोल पाणी त्याच्यासाठी सोडायचं आणि आपण उथळ काठाने जायचं. वल्ह्याने नावेवर टकटक करत राहायचं, म्हणजे बुडलेला असेल तर तो डोकं वर काढतो. परवान्याच्या परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली. परीक्षक पर्यटक बनून नावेत बसला होता. फोटोसाठी हत्तींच्या अजून जवळ चल, असा त्याने हट्ट धरला आणि ताईने ऐकलं. पुढच्या वर्षी तोच हट्ट तिने हसत मोडून काढला आणि पास झाली.

आईला हे कळलं तेव्हा ती ताईशी कितीतरी दिवस बोलली नाही. "हिशेब करायला पाठवली होती, आता मगरींत फिरते," एवढंच मला म्हणाली. शेवटी गेल्या ऑगस्टमध्ये मीच आईला घेऊन झांबियाला गेलो.

आम्ही दोन नावांत निघालो. ताईच्या नावेत आई पुढे, मी मधे आणि ताई मागे. दुसऱ्या नावेत एक जर्मन नवरा-बायको होते, त्यांना वल्हवता येत होतं. सकाळ शांत गेली. काठावर हत्तीण पिल्लाला पाणी पाजत होती, आई हरखून बघत राहिली. दुपारी वारा सुटला आणि जर्मनांची नाव ओळ सोडून खोल पाण्याकडे सरकली. ते घाबरून सरळ आमच्याकडे परत यायला वळले.

ताईने वल्हं उभं धरून त्यांना थांबायची खूण केली. मग इंग्रजीत, आवाज जरासुद्धा न चढवता, म्हणाली, "इकडे येऊ नका, मधलं पाणी खोल आहे. तुमच्यामागे बेट आहे, तिकडे जा. मी वळसा घालून येते." नवरा काहीतरी बोलू लागला. ताईने तेच पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात. ते बेटाकडे वळले. थोड्याच वेळात आमच्या आणि त्यांच्या मधोमध पाणी फुगलं आणि एक भलामोठा पाणघोडा फुत्कारत वर आला. ते सरळ आले असते, तर बरोबर त्याच्यावरच आले असते.

लांबचा वळसा घालून आम्ही बेटावर पोचलो. जर्मन बाई रडत होती. ताईने थर्मासमधला चहा तिच्या हातात दिला. आई जाऊन तिच्या शेजारी वाळूत बसली. भाषा नव्हती, म्हणून नुसता तिचा हात धरून ठेवला.

मग ताईला म्हणाली, "तुला भ्या नाही वाटलं?"

"वाटलं ना. मी मागे होते म्हणून तुला दिसलं नाही."

"आवाज तर कापला नाही."

"तो कापून नाही चालत, आई."

संध्याकाळी तंबूंपाशी मुसोंडा आईला भेटायला आले. ते म्हणाले, घाबरट पाहुणे असले की मी ते गीताकडेच देतो. आता जवळच्या गावातल्या दोन मुलींनाही तीच शिकवते आहे. मी ते आईला मराठीत सांगितलं. आईने त्यांना हात जोडले, "जय भीम" म्हणाली. तिचे डोळे भरून आले. डोळे पुसायला तिने पदरही वर केला नाही.

सकाळी मी उठून आलो, तर आई लाइफ जाकिटाचे पट्टे आवळून नावेत बसलेली.

"नागसेन, तू त्या जर्मनांबरोबर जा," ती म्हणाली. "आज आम्ही दोघीच."

तिच्या हातात वल्हं होतं. ताई मागून वाकून तिची पकड नीट करत होती.