घंटावाला मेला तो चॅप्टर

त्या सकाळी घंटावाला मेला आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता शिमगा झाला.

घंटावाला म्हणजे आम्ही वाचायचो त्या जपानी चित्रकथेतला मुका माणूस. धुक्यातून माणसं खाणारी जनावरं किल्ल्यावर चालून येतात आणि हा बुरुजावरची घंटा वाजवून त्यांना परत पाठवतो, अशी ती काळीकुट्ट गोष्ट. दर महिन्याला नवा चॅप्टर यायचा. जपानीचं इंग्रजी कुणीतरी नेटवर टाकायचं, आणि त्या इंग्रजीचं वऱ्हाडी मी करायचो. बाभुळगाव-कळंबकडची आम्ही कॉलेजची पोरं. परीक्षेपुरतं इंग्रजी सगळ्यांनाच यायचं, पण राक्षस काय बोलतो ते कळायला माझा आवाज लागायचा. मी एकेक चित्र बघून बोलत जायचो आणि ते रेकॉर्ड करून पाठवायचो. सगळ्यांचं ऐकून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, हा ग्रुपचा कायदा होता.

त्या दिवशी कायदा गेला चुलीत. एकाने लिहिलं, "चित्रं काढणारा येडा झाला बे." दुसऱ्याने लिहिलं, "आजपासून आपलं वाचणं बंद." कळंबचा एक वकिली डोक्याचा होता, तो म्हणाला, "मुडदा दाखवला का? नाही ना? मंग मेला नाही." त्यावर जुंपली. मी हे सगळं यवतमाळच्या एसटीत बसून वाचत होतो आणि मला काहीच वाटत नव्हतं. राग नाही, रडू नाही. दाढ काढल्यावर गाल असतो तसा मी आतून बधिर होतो.

कारण घंटावाल्यावर सगळ्यात जास्त जीव असलेला पोरगा दवाखान्यात पडला होता. शाळेपासूनचा दोस्त माझा. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती, बोंडअळी आवरत नव्हती, आणि हा दुसऱ्याच्या वावरात मजुरीने फवारत होता. वारा फिरला आणि औषध तोंडावर आलं. वॉर्डात त्याच्यासारखे आणखीही होते. याचा जीव वाचला, डोळ्यांचं मात्र कुणी छातीठोक सांगेना. आधी उजेड कळेल, मग आकार दिसतील, असं डॉक्टर म्हणाले होते. रोज सकाळी ते डोळ्यावर बॅटरी मारून विचारायचे, काही कळतं का. तो नाही म्हणायचा, आणि पायाशी बसलेली त्याची आई तोंडाला पदर लावायची.

मी गेलो तेव्हा बाहेर आभाळ आलेलं होतं, वॉर्ड अंधारलेला. काकूंना जयभीम केला. डबा त्यांच्या शेजारी तसाच बंद होता. पोराला दिसत नाही तोवर घास उतरत नाही म्हणायच्या, आणि चहावर दिवस काढायच्या.

"चॅप्टर आला ना बे? सांग," तो म्हणाला.

मी उशाशी उभा राहून सांगितला. वाटलं होतं, घंटावाला मेल्यावर हा शिव्या घालेल. त्याने घातल्या नाहीत.

"पुन्हा सांग. पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात काय हाये? त्याच्या खाली?"

पुन्हा सांगितलं. मग आणखी एकदा. तो ओठातल्या ओठात माझ्यामागून म्हणत होता.

"अबे, मेला तो. कितीदा मारू त्याले?" मी वैतागलो.

"सांग ना लेका."

शेवटी त्याने हात पुढे केला. "दे मोबाइल." मी दिला. तो त्याने तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "माय, दिसून राह्यलं मले."

काकू अर्धवट उठल्या. "खरंच का रे? वाच बरं."

"हा बुरुज पाय. हा घंटावाला, दोरी हातात. याच्या मांगं धुकं." त्याचं बोट काचेवरून सरकत होतं.

"मंग बोट उजवीकडून कायले नेऊन राह्यला? असं उलटं वाचते का कोनी?"

"जपानी पुस्तक असंच असते, माय."

ते खरंच होतं. आम्ही स्वतः पहिला अख्खा भाग डावीकडून वाचला होता. त्यात माणूस आधी मरायचा आणि मग भांडण उकरून काढायचा, आणि काय डोकं लावलं बे म्हणून आम्ही काढणाऱ्याची तारीफ केली होती. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "हाओ काकू, उलटंच असते," मी म्हणालो. त्यांचा विश्वास बसला.

मोबाइलची पाठ त्यांच्याकडे होती. काच मला दिसत होती. तो बुरुजावर होता तेव्हाच बाजूच्या बटणावर त्याचा अंगठा पडून स्क्रीन बंद झाली होती आणि काळ्या काचेवर तो शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत गेला. एक चित्र चुकला नाही.

काकूंनी डबा उघडला. भिंतीकडे तोंड करून त्या भाकर खात राहिल्या, भराभर, जेवण विसरलेल्या माणसासारख्या. मग डबा विसळायला नळावर गेल्या.

"मोबाइल चालू होता ना बे?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. मधातच बंद झालता."

"खरं सांगून राह्यला, का समजूत काढून राह्यला माही?"

"खरं."

ग्रुपवर मेसेज येतच होते, मोबाइल त्याच्या हातात थरथरत होता. एकाने तरी मुडदा शोधून काढला असेल असं मला उगाच वाटलं.

"मंग आता चालू कर," तो म्हणाला.

मी त्याच्या हातातून घेऊन चालू केला. उजेड पार वाढवला आणि त्याच्या डोळ्यांसमोर, अगदी नाकाजवळ धरला. त्याच्या गालावरचे फोड पांढरे दिसायला लागले.

"केला का?" त्याने विचारलं.