जावयाचा लॅपटॉप, सासूबाईंची धून

कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा. दातांच्या डॉक्टरांकडून माप यायचं आणि लॅबमध्ये हा त्यावर मेण लावून, दात बसवून, घासूनपुसून कवळी तयार करायचा. गल्लीत सगळे त्याला कवळीवालाच म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे, कारण मनातून तो स्वतःला संगीतकार समजत असे.

घराच्या मागच्या लहान खोलीत त्याचं एक टेबल होतं. त्यावर दोन स्पीकर, एक कीबोर्ड, माइक आणि म्हातारा झालेला लॅपटॉप. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून दारावर जुनी रजई ठोकलेली. बायकोच्या मते ती आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून होती. लॅपटॉपची तऱ्हा अशी, की धुनेवर चौथं वाद्य चढवलं की पंखा घरघरायला लागे, आवाज तडतडे आणि पडद्यावरचं सगळं जागच्या जागी थिजून जाई. तरी सुट्टीच्या दिवशी तो एखादी धून पुरी करी आणि बायकोला हाक मारी. ती यायची, उभ्या उभ्या ऐकायची आणि अर्ध्यावर तिला वाळत घातलेले कपडे आठवायचे. ‘छान आहे हं,’ म्हणून ती निघून जायची. तो सगळं खापर लॅपटॉपवर फोडायचा.

मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या लेकीकडे राहायला आल्या. घरात मोकळी खोली एकच, ती म्हणजे त्याची. टेबल तिथंच राहिलं, शेजारी पलंग आला. सासूबाईंनी मोज्यांच्या कारखान्यात विणकामाच्या मशीनवर सारी उमर काढलेली. दिवसभर पाय उशीवर ठेवून पडून राहणं त्यांना शिक्षेसारखं वाटे.

त्याच सुमारास त्यानं नवीन लॅपटॉप घ्यायचा विचार केला. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं मशीन उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, की अंगानं अजून धडधाकट आहे, रॅम वाढवा, जुनी डिस्क काढून नवी घाला, पंखा साफ करा, बस्स. सामान त्याच्याकडून आणून यानं एका रविवारी घरीच मशीन उघडलं. बारीक कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. सासूबाईंनी पलंगावरून हात लांब करून स्क्रू ठेवायला वाटी धरली. पंख्यातून धुळीची चक्क गादीच निघाली.

“रॅम म्हणजे काय हो जावईबापू?”

“टेबल समजा. टेबल मोठं असलं की एका वेळी जास्त सामान मांडता येतं.”

“म्हणजे ओटा,” सासूबाई म्हणाल्या.

झाकण बसवलं, बटण दाबलं आणि मशीन असं उठलं की तो लहान मुलासारखा हसला. वीस वाद्यं चढवली तरी हूं की चूं नाही. त्या आनंदाच्या भरात त्यानं सासूबाईंना माइक कसा सुरू करायचा, एकावर एक आवाज कसे चढवायचे, नको ते कसं काढून टाकायचं, सगळं शिकवलं. दिवसभर कंटाळतात, तेवढाच विरंगुळा.

काही दिवसांनी तो लॅबमधून घरी आला, तर बायको मागच्या खोलीच्या दारात उभी. खांद्यावर ऑफिसची पर्स, हातात भाजीची पिशवी, पायात चप्पल तशीच. आतून ठेका ऐकू येत होता. वॉकरचा पाय फरशीवर आपटल्याचा, बांगड्यांचा, आणि त्यावर सासूबाईंचं गुणगुणणं, विणकामाच्या मशीनच्या सुया खालीवर व्हाव्यात तसं. शब्द एकही नाही. धून संपली. बायकोनं पिशवी खाली ठेवली नाही.

“आई, परत लाव,” ती म्हणाली.

‘परत लाव.’ लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे दोन शब्द त्याच्या वाट्याला कधी आले नव्हते. तो हातपाय धुवायला गेला आणि नळ सोडून नुसताच उभा राहिला.

तिथून त्याचं पोट दुखायला लागलं. सासूबाईंनी काही ऐकवलं की हा लगेच, आवाज फाटतोय, माइक लांब धरा, ठेका मध्येच ढिला पडतोय. सासूबाई मान डोलवायच्या आणि सुधारायच्या. सुधारून ती धून आणखी चांगली व्हायची. मग व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी ती ऐकली. पाय टाकायला अगदी बरोबर लय आहे म्हणत त्यांनी ती मागून नेली आणि आपल्या दवाखान्यात लावली. गुडघ्यांचे, कमरेचे सारे पेशंट तिच्यावर चालायला लागले. बायकोनं ती फोनची रिंग केली. लॅबमध्ये हा कवळीच्या हिरडीला रंग देत बसलेला असला, तरी डोक्यात तीच धून. मेली डोक्यातून जात नव्हती, आणि हेच त्याला जास्त लागत होतं.

मध्ये सासूबाईंची कारखान्यातली मैत्रीण भेटायला आली. दोघी समोरासमोरच्या मशीनवर बसायच्या म्हणे. ती कायमची परदेशी, मुलाकडे निघाली होती. दोघींनी दुपारभर तोंडानं मशीनचे आवाज काढले, एकीनं सुईचा, दुसरीनं दोऱ्याचा, आणि हसत हसत ते टिपून ठेवलं. त्या आवाजांवर सासूबाई नवी धून बांधू लागल्या. बायको रोज विचारायची, कुठवर आलं?

एका सकाळी सासूबाई आंघोळीला गेलेल्या असताना त्यानं लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं, रॅमची एक पट्टी उपसली आणि खिशात टाकून कामावर गेला.

संध्याकाळी सासूबाईंनी सांगितलं, की मशीन सारखं अडकतंय. त्यानं त्यांच्याकडे न बघता म्हटलं, “जुनं मशीन आहे. इतका भार नाही झेपत त्याला.”

दुसऱ्या दिवशी तो घरी आला तेव्हा बायको आईला कालचं ऐकव म्हणत होती. सासूबाई चादरीची घडी घालत होत्या.

“काढून टाकलं सगळं,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या मशीनला भार होत होता. आधी त्यांचं काम.”

चहाही न घेता लॅपटॉप काखेत मारून तो दुरुस्तीवाल्याकडे धावला. दुरुस्तीवाल्यानं बराच वेळ खटपट केली. शेवटी म्हणाला, जुन्या डिस्कमधलं खोडलेलं कधी कधी परत मिळतं, पण ही नवी जात स्वतःच सगळं पुसून मोकळी होते. ती डिस्क यानंच हौसेनं घातलेली. दवाखान्यातली धून वाचली. मैत्रिणीचे आवाज मात्र गेले ते गेलेच.

घरी येऊन त्यानं खिशातली पट्टी सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि काय केलं ते सांगितलं. बायको दारात उभी होती, तिनंही ऐकलं.

“कशाला केलंत?” सासूबाईंनी विचारलं.

“ती तुमचं शेवटपर्यंत ऐकते,” तो म्हणाला.

सासूबाईंनी ती पट्टी उचलून हातात घेतली. जाऊ द्या, असू द्या, असलं काही त्या बोलल्या नाहीत.

“खोडताना मला रडू आलं होतं,” त्या म्हणाल्या. “मुलीला कळू दिलं नाही. तुम्हाला मात्र कळायला हवं. आणि हे बघा, मी घरी जाईन तेव्हा हे मशीन माझ्याबरोबर द्यायचं.”

त्यानं दिलं. दोन्ही पट्ट्या बसवून, माइकसकट, चार्जरची वायर नीट गुंडाळून. बायको पुढचे काही दिवस त्याच्याशी भाजीत मीठ कमी आहे का, इतपतच बोलली. मग हळूहळू सुरळीत झालं. त्यानं स्वतःसाठी एक वापरलेला लॅपटॉप आणला.

सासूबाई आता स्वतःच्या घरी काठीशिवाय हिंडतात आणि धुना करून लेकीला फोनवर पाठवतात. मैत्रिणीनंही तिकडून आवाज पाठवले, पण तो हशा काही त्यात आला नाही, असं त्या म्हणतात. परवा त्यांनी जावयाला फोन केला. एका धुनेच्या मधोमध जागा रिकामी राहिली आहे, तिथं कीबोर्ड वाजवून द्याल का? याचं मन हरखलं. त्यानं वाजवून पाठवलं. उत्तर आलं, घाई करताय, जरा दमानं. त्यानं निमूटपणे पुन्हा वाजवलं.

पुरी झालेली धून बायकोनं जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकली, अगदी शेवटपर्यंत. तो समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होता. संपल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, कीबोर्ड थांबतो आणि आईचा एकटीचा आवाज येतो ना, ती जागा फार सुंदर झाली आहे.

तो हूं म्हणाला, उठला आणि आज त्याची पाळी नसतानाही भांडी घासायला लागला. जरा जोरातच घासत होता.