झबल्याच्या कापडावरचे पूल

उस्ताद गेल्याची बातमी मला अमरावतीच्या कचेरीत कळली. मी तिथं नकाशांच्या नकला काढत असे, आणि ते काम मला शिकवलं होतं अकोल्याच्या या म्हाताऱ्या मिस्त्रींनी. त्यांनी जिल्हाभर पूल, सराया, विहिरी बांधल्या. काळ्या मातीखाली मुरूम किती खोल लागला, पाया कुठवर नेला, हे फक्त त्यांच्या नकाशांत होतं. कचेरीत एकही नक्कल नव्हती. मी रजा टाकली.

बैलगाडीनं तीन दिवस लागले. समोरून कापसाच्या गाड्यांची रांग तुटत नव्हती. आमचा कापूस विलायतेला चालला होता, आणि इथं लुगड्याचा भाव ऐकून बायका दुकानातून परत फिरत होत्या.

उस्तादांच्या बायकोला मी अम्मा म्हणायचो. अंगणात पाहतो तर घंगाळात पाणी आणि शेजारी नकाशांची चवड. ते नकाशे खळ दिलेल्या तलम कापडावर असत. खळ धुतली की मलमलीसारखं कापड हाती येई.

"अम्मा, हे काय करून राहिल्या?"

"सुनेचे दिवस भरले. बाळाले झबली लागतीन. बाजारात कापडाले हात लावता येत नाही."

"यात उस्तादांचं सारं काम हाय."

"पूल उभे हायेत ना? मंग?"

"उद्या एखादा खचला, तं पाया कुठं हाय हे कोण सांगन?"

अम्मांनी चवड घंगाळापासून दूर सारली. "मंग उतरून घे. झालेले मले देत जा. पण बाळ काही तुयासाठी थांबणार नाही."

एकूण चौतीस नकाशे होते. सोबत आणलेला कागद ओसरीवर पसरला आणि उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत हात चालवला. रोज सकाळी अम्मा झालेले नकाशे घेऊन जात. एकदा एका पुलाच्या कमानी पाण्यात विरघळताना दिसल्या. मी मान वळवली आणि पुढचा कागद घेतला. सहाव्या दिवशी डोळे सुजले, तेव्हा अम्मांनीच गुलाबपाण्याच्या घड्या आणून दिल्या.

नवव्या दिवशी सुनेला कळा सुरू झाल्या. दाई आत गेली. अम्मा बाहेर आल्या, तशी मी मान वर न करताच म्हणालो, "चार राहिले."

"राहू दे. मले पुरलं."

दुपारी मुलगी झाली. अम्मांनी तिला बाहेर आणून दाखवलं. झबल्याच्या पाठीवर कमानीची फिकट रेघ तशीच होती.

"लय घासलं, निघालीच नाही," अम्मा म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. उरलेले चार नकाशे त्यांनी स्वतः फडक्यात बांधून माझ्या हाती दिले.

कचेरीत साहेबांनी सगळा गठ्ठा चाळला आणि पत्र्याची पेटी मागवली. मी कडुनिंबाचा पाला घालून ती लावली. महिन्याभरानं कळलं की अकोटला एक जुने गवंडी अंथरुणाला खिळलेत आणि त्यांच्या घरीही नकाशे आहेत. मी कागद मोजून घेतला, शाई भरली आणि गाडी ठरवायला गेलो.