सोनगीरची माय

बायको गेल्यापासून जळगावच्या फ्लॅटमध्ये मी एकटाच असतो. एआयने बनवलेले व्हिडिओ उतरवायचे, कोपऱ्यातला एआयचा वॉटरमार्क पुसायचा आणि त्यांच्या रील करून टाकायच्या, हा नाद मला तेव्हाच लागला. एका व्हिडिओत एक म्हातारी खापरावर मांडे टाकत होती. मी खाली लिहिलं, 'सोनगीरची माय'.

धुळ्याहून अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. "भाऊ, हाई माय कोठली शे रे? आपली मायसारखीच मांडा टाकस!"

खरं सांगायला जीभ रेटली नाही. म्हणालो, "लिहिलंय ना, सोनगीरची."

आई गेल्यावर अक्काला आखाजीला, म्हणजे लेकींनी माहेरी यायच्या अक्षय्य तृतीयेला, माहेर उरलं नव्हतं. मीही कधी बोलावलं नाही. यंदा आखाजीला ती त्या मायसाठी लुगडं घेऊन धुळ्याजवळच्या सोनगीरला गेली, घरोघरी मोबाईल दाखवत फिरली. संध्याकाळी फोनवर मलाच समजावत होती, "लेककडे गयी व्हई ती. पुढला सालले जासू."

काल मात्र सगळं सांगून टाकलं, की अशी बाईच नाही, व्हिडिओवरची एआयची खूण मीच पुसली. अक्का हळूच म्हणाली, "मंग तुनी तरी माले आखाजीले बलावाले जोयजे व्हतं."