तंबाखूतलं रगत

करुणा बारामतीला एमआयडीसीतल्या एका लहान औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. साल सत्त्याण्णव. तिथं काचेच्या चंबूंत तंबाखूच्या पेशी वाढवत. पान नाही, मूळ नाही. साखरपाण्यात ओल्या रव्यासारखा नुसता पिवळट साका. त्या पेशींत माणसाचं एक जनुक घातलेलं होतं. अंगात रक्त तयार करायला लावणारं प्रथिन त्यांनी बनवावं, म्हणजे मूत्रपिंड निकामी झालेल्यांना ते टोचता येईल, असा बेत होता.

बेत चांगला होता, पण पेशींचे नखरे बाळंतिणीसारखे. वीज गेली की चंबू हलवणारं यंत्र थांबे आणि पेशी तळाला बसून गुदमरत. बुरशी लागली की सगळं उकळून मोरीत ओतायचं अन् पुन्हा श्रीगणेशा. करुणाचे खांदे भरून येत. सणावारालाही सुट्टी नाही, कारण पेशींना सण नसतो.

जवळच्या कन्हेरी गावी तिची आई, अक्काबाई. काम सुरू झालं तेव्हा ती धडधाकट होती; पुढं तिचीच मूत्रपिंडं बिघडली, चेहरा पांढराफटक पडला. एका रविवारी करुणा घरी आली तर आई ओट्यावर बसून मिश्री लावत होती, शेजारच्या सिंधुबाईला सोबतीला घेऊन.

"आई, सोडलीवतीस न्हवं?"

"तूच म्हनलीस, तंबाखूतनं रगत वाढतंय."

करुणा चप्पल न काढताच पायरीवर टेकली. हसायचंही त्राण नव्हतं. "ती तंबाखू येगळी, आई. आमी तिच्यात मानसाचा गुण घातलाय."

"मंग त्यातली चिमूट आन की."

"खाऊन उपेग न्हाय, पोटात जिरून जातंय. टोचायला लागतंय. त्याच्या आदी लई गाळायला लागतंय."

"मंग गाळ की," सिंधुबाई म्हणाली.

गाळण्यासारखं होतंच किती! पेशी थेंबभर प्रथिन बनवत आणि त्यातलं निम्मंअधिक आपणच तोडून टाकत. पावसाळा सरता सरता तेवढंही दिसेना. साहेब, रविराज, म्हणाले, "दुसरा चंबू तपासा." दुसरा तसाच, तिसराही तसाच. पेशी जोमानं वाढत होत्या. आत घातलेलं जनुक मात्र मुकं झालं होतं. दिवाळीनंतर कंपनीनं ते काम गुंडाळलं आणि करुणाला कंपनीच्या जोडधंद्यातल्या, उसाची रोपं करायच्या खोलीत बसवलं. तिला रडू यायला हवं होतं. उलट हायसंच वाटलं, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

आईला सांगायचं तिनं चार दिवस टाळलं, शेवटी भाकरी थापता थापता सांगितलं.

"मेल्या व्हय त्या?" अक्काबाईनं विचारलं.

"न्हाय. चांगल्या वाढत्यात. तेवढं काम करायच्या थांबल्या."

"दमल्या आसतील. परक्याचं काम किती दिस करायचं?"

करुणानं भाकरी परतली.

त्यानंतर अधूनमधून अक्काबाईला बारामतीच्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवावं लागे. पहिल्या खेपेला करुणा खाटेपाशी स्टुलावर बसली आणि भिंतीला डोकं टेकताच झोपून गेली. जाग आली तेव्हा पिशवी रिकामी होऊन नळी कोरडी पडली होती. आई टक्क जागी.

"अगं, नर्सला हाक मारायची न्हाय का?"

"तू उठली आस्तीस," अक्काबाई म्हणाली.