पिवळ्यात आलेले साडू

आमच्या साडूंइतका कायद्याने वागणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि चारचौघांत मला त्यांच्याइतकी मान खाली घालायला लावणारा माणूसही दुसरा नाही. कुणाचा साडू दारू पितो, कुणाचा पत्ते खेळतो. अशांना निदान टाळता तरी येतं. आमचे साडू निर्व्यसनी, शब्दाला पक्के, सासुरवाडीत वजन राखून असलेले. तरीही ते समोरून येताना दिसले की मी आडोसा शोधू लागतो.

नेकनूर रस्त्याला त्यांचं कपाशीचं रान आहे. शहर वाढत वाढत त्या रानाला येऊन टेकलं, आणि नव्या विकास आराखड्यात ते शेतीच्या हिरव्या पट्ट्यातून रहिवासी पट्ट्यात, म्हणजे नकाशावरच्या पिवळ्या रंगात आलं. आसपासच्या लोकांनी मंजुरीबिंजुरीच्या फंदात न पडता दगड रोवले, गुंठ्यागुंठ्यानं जमिनी विकल्या आणि दारात गाड्या उभ्या केल्या. साडूंनी मात्र रीतसर रेखांकन, म्हणजे प्लॉट-रस्त्यांचा नकाशा, मंजूर करून घ्यायचं मनावर घेतलं. नगरपालिकेत चौकशीला गेले त्या दिवसापासून त्यांची भाषा सरकारी झाली. "सदर वरण अळणी हाय," असं ते ताटावर बसून सांगू लागले. माझ्या मेहुण्याच्या मुलीला बघायला तेलगावकडचे पाहुणे आले होते. मुलगा काय करतो, पाण्याची सोय कशी, हे सोडून साडूंनी मुलाच्या बापाला पहिलाच प्रश्न टाकला, "तुमचं घर हिरव्यात हाय का पिवळ्यात?" त्या भल्या माणसाने गोंधळून सांगितलं की यंदा चुनाच मारलाय. मग साडूंनी पोहे गार होईपर्यंत सगळ्यांना पट्टे समजावले. मी माझ्या बशीतले शेंगदाणे एका बाजूला करत बसलो होतो. दुसरं काय करणार?

मंजुरी यायच्या आधीच त्यांनी रानात चुन्याची फक्की मारून रस्ते आखले. नुसते आखले असते तर एक वेळ चाललं असतं, पण ते त्या रस्त्यांवरूनच चालू लागले. विहीर समोर दिसत असली तरी हे आधी सरळ जाणार, कोपऱ्याला वळणार, पुन्हा वळणार. आमची मेहुणी एकदा डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन मधूनच आली, तर हे लांबूनच ओरडले, "अगं, दुसऱ्याच्या प्लॉटातून कावून येतीस? रस्त्यानं ये!" ती जागेवर उभी राहिली. "भाकर मी हितंच ठिवते. तुमी या रस्त्यानं," म्हणाली आणि टोपलं त्या न झालेल्या प्लॉटात ठेवून निघून गेली. साडू खरोखर दोन कोपरे वळून भाकरीपर्यंत पोचले. रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतली माणसं खिडकीतून बघत होती, आणि मी त्यांच्या मागोमाग, त्याच कोपऱ्यांवर वळत चाललो होतो.

हे सगळं हसून सोडून देता येण्यासारखं होतं. नानांचं तसं नव्हतं. नाना म्हणजे साडूंचे चुलतभाऊ. दोघांची रानं लागून. नाना बांध कोरतात, दरसाल नांगराचं एक तास, म्हणजे एक सरी, आमच्या रानात सारतात, असं साडूंचं वर्षानुवर्षांचं म्हणणं. आमच्याकडे माणूस एक वेळ खुनाचा आळ सोसेल, पण बांध कोरल्याचा आळ त्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. साडूंनी भर ग्रामसभेत नानांना 'बांधकोऱ्या' म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. नानांच्या पोरीला बघायला आलेले पाहुणेसुद्धा पारावर "बांधकोऱ्याचं घर कंचं?" असं विचारून आले होते. ते पाहुणे पुन्हा आले नाहीत. त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं, येणंजाणं, हळदीकुंकूसुद्धा बंद झालं.

रेखांकनाच्या मंजुरीला सरकारी मोजणी लागते आणि मोजणीला लगतचे खातेदार हजर लागतात. साडू त्या दिवसाची वाट लग्नाच्या तिथीसारखी बघत होते. "आता दूध का दूध, पानी का पानी," असं त्यांनी गावभर सांगितलं होतं, त्यामुळे अर्धा गाव बांधावर जमला होता. नाना धुतलेली टोपी घालून लिंबाखाली एकटेच बसले होते. मोजणीवाला यंत्राची काठी घेऊन बांधापाशी आला. साडूंना वाटलं, आता हा बांध ओलांडून नानांच्या रानात शिरणार. तो उलटा फिरला. कपाशीतून आत आत येत साडूंनी आखलेल्या फक्कीच्या रस्त्यावर मधोमध थांबला आणि तिथं त्याने खुंटी ठोकली. "हद्द ही हाय," तो म्हणाला.

"पुन्हा मोजा," साडू म्हणाले. त्याने पुन्हा मोजलं. खुंटी तिथंच राहिली.

बांध कोरला होता, पण साडूंच्या वडिलांनी. म्हाताऱ्याने आयुष्यभर एकेक तास सरकवत भावाच्या रानात आपली कपाशी नेली होती आणि मुलाला मात्र चोर पलीकडे असल्याचं शिकवून गेला होता. बांधावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नाना उठले, कागदावर सही केली, टोपी नीट केली आणि कुणाकडेही न बघता घराकडे गेले. साडू खाली बसून हाताने फक्की पुसत राहिले. शरमेने माझे कान तापले होते, आणि ती शरम आता त्यांच्या विचित्रपणाची नव्हती.

संध्याकाळी त्यांनी मला मोटारसायकल काढायला लावली. नानांच्या अंगणात ते उभे राहिले, हात जोडले, आणि तोंडातून निघालं काय, तर, "सदर बांधाबाबत मी पूर्वी केलेली तक्रार चुकीची हाय. ती निकाली काढावी. जमीन आजच वापस." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण मी त्यांच्याकडे बघितलं तर जोडलेले हात त्यांनी खाली घेतलेच नव्हते. त्या माणसाकडे तेवढीच भाषा उरली होती.

नानांनी बाजेवरून पाय खाली घेतले. "जमीन मोजून देशील रे," ते म्हणाले. "नाव कसं वापस घेशील?"

पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. परतताना साडू मागे बसले होते. वाटेत माझ्या खांद्यापाशी तोंड आणून म्हणाले, "साडूभाऊ, गावानं ठिवलेलं नाव कमी करायची काही तरतूद असंल का हो?"

त्यांनी आपल्यापुरती तरतूद केली. चहाच्या टपरीवर, पारावर, तेराव्याच्या पंगतीत, जिथं माणसं भेटतील तिथं उभं राहून सांगू लागले, "बांध माझ्या बापानं कोरला. नानाला तसं म्हनू नका." लोक "बसा, पाणी घ्या," म्हणायचे आणि त्यांची पाठ फिरली की पुन्हा बांधकोऱ्याच म्हणायचे, त्याचा अर्थही माहीत नसलेली पोरंटोरंसुद्धा. कोरलेला पट्टा नानांना परत दिल्यावर रान अरुंद झालं, जुनं रेखांकन बसेना. साडूंनी नवा नकाशा काढायला लावला आणि त्यात हट्टाने रस्ता सरळ नानांच्या हद्दीपर्यंत नेला. त्यापायी मोक्याचे प्लॉट गेले. मेहुणी चार दिवस बोलली नाही. यथावकाश मंजुरी आली.

नानांचं रान आत, आडवं पडलेलं होतं; त्याला रस्त्याला लागायला वाटच नव्हती. आता त्यांचा ट्रॅक्टर या रस्त्याने थेट डांबरीवर निघतो. साडू रोज सकाळी रस्त्याच्या कडेला उभे असतात. ट्रॅक्टर जवळ आला की हात वर करतात. परवा मीही त्यांच्याशेजारी उभा होतो. नाना समोर बघत गेले. खड्ड्यापाशी त्यांची मान किंचित हलली.

"बघितलं?" साडू म्हणाले. "हलवली न्हाई का?"

खड्डा मलाही दिसला होता. मी म्हणालो, "हलवली की."