रिंग महाग पडते

सिस्टरच्या तोंडून कधी खोटं निघालं नाही. चांगला गुण आहे म्हणाल, असेल बापडा. त्या गुणाने तिच्या पदरात काय टाकलं ते ऐका.

ती ज्या दवाखान्यात होती तिथे मोठ्या पुरुषांची सुंता फुकट करून मिळायची. सुंतेने पुरुषाला एचआयव्ही होण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, म्हणून. पद्धती दोन. एक चाकूची, भूल देऊन टाके घालायची. दुसरीत ना सुई ना टाका. रिंग बसवायची, आठवडाभर तशीच वागवायची आणि मग काढून घ्यायला यायचं. वरचे साहेब लोक दोन्हींचा खर्च ताडून बघत होते. स्वस्त पडेल ती राहणार होती.

आता पुरुषांची जात. रिंग बसवायला हसत यायचे आणि काढायची वेळ आली की पसार. मग सिस्टर रिक्षा करून कुणाला गॅरेजमधून, कुणाला थेट सासुरवाडीतून धरून आणायची. एक गवंडी तर पाण्याच्या टाकीमागे दडून बसला होता. दुसऱ्या केंद्रांवरच्या बायका असल्या फेऱ्या खर्चात धरतच नसत. हिने मात्र एकूण एक रिक्षा कळवली.

तिचा धाकटा भाऊ लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेला. गडी चांगला दांडगा, पण लहानपणी भूल न देताच भुवईवर टाके घातले, तेव्हापासून चाकू म्हटलं की पांढराफटक. रस्त्यावरची त्याची थेरं तिला ठाऊक होती, आणि निरोध खिशातच राहतात हेही. वर्षभर ती त्याच्या मागे लागली. रुसली, रडली, अबोला धरला. शेवटी तो म्हणाला, "रिंग असेल तर येतो, ताई. चाकू नको. एवढी फेरी मारून येतो." त्या दिवशी ती पोटभर जेवली.

तो परतायच्या आत हुकूम आला. रिंग महाग पडते, बंद करा. साहेब स्वतः येऊन म्हणाले, "सिस्टर, खरा खर्च तुमच्यामुळे कळला. बाकीच्यांनी नुसत्या थापा मारल्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला तेव्हा बरं वाटलं, याचीच तर चीड येते.

भाऊ आला तो नवा सदरा घालून.

"रिंग बंद झाली रे," ती म्हणाली. "पण भूल देतात, काही कळत नाही."

"भूल देतो असं तेव्हाही म्हणाले होते." तिने धरलेली बाही त्याने सोडवून घेतली आणि तो ट्रककडे गेला.

दोन वर्षांनी त्याचं रक्त तिनेच तपासलं. दोन रेघा उमटल्या, म्हणजे लागण झालेली. रिंगने तो वाचलाच असता असं शपथेवर कोण सांगणार? पण व्हायचं ते झालंच असतं, असं स्वतःला समजावायलाही तिची जीभ रेटेना.

आता तो गोळ्या न्यायला तिच्याच खिडकीवर येतो. परवा त्याने विचारलं, "ताई, ती रिंग महाग पडते असं सांगितलं तरी कुणी?"

सिस्टरने बाटलीचं झाकण उगाच पुन्हा घट्ट केलं. "कोण जाणे," ती म्हणाली. जन्मातलं तिचं हे पहिलं खोटं.

"ज्याने सांगितलं त्याचं वाटोळं होवो," तो म्हणाला आणि बाटली खिशात घालून निघाला.

"पुढचे या," तिने हाक दिली.